…ऊन राह्यलो

थिएटरातून बाहेर पडल्याबरोबर दुपारचं ऊन डोळ्यांत घुसलं म्हणून मी कपाळाशी हात धरला, आणि त्या पोरीला वाटलं मी सॅल्यूट करतोय. ती जवळजवळ पळतच आली. हातात माईक, मागे मोबाइल धरून दुसरी एक मुलगी. "मी प्रीती, आपल्या जालन्याच्या चॅनेलवरून. काका, कसा वाटला पिक्चर?" हे हल्ली सुरू झालंय. माणूस थिएटरातून, दवाखान्यातून, मतदानाच्या खोलीतून, कुठूनही बाहेर आला की त्याला कसं वाटलं ते विचारायचं. माझ्या आधी तिनं सात-आठ जणांना गाठलं होतं आणि पायरीवर सुनेची वाट बघत मी ते सगळं ऐकून घेतलं होतं. मंठ्याहून बायको-मुलांसकट आलेला एकजण म्हणाला, एकदम कडक, अंगावर काटा आला. कॉलेजच्या दोघी म्हणाल्या, शेवटी लै रडलो, आणि हसल्या. एका जाड्या गृहस्थांचं मत पडलं की इंटरव्हलनंतर जरा ढिला आहे, शेवटी आणखी दोन बॉम्ब पाहिजे होते. आणि राजूरहून मोटारसायकलवर आलेला, हेल्मेट काखेत धरलेला एक माणूस तावातावानं म्हणाला, "बाकी सगळं बराबर हाय. पण तो वायरलेसवाला बिलकुल पटला न्हाई. तिकडं माणसं अडकेल हायत, याला सगळं ऐकू येऊन राह्यलं, अन् हा नुसता डोळे पुसत बसून काहून राह्यला?" हे वाक्य माझ्या उजव्या कानात गेलं. डावा निकामी आहे. तेवढ्यात माईक माझ्यापुढे आला. 'चांगला आहे' म्हणायचं आणि सुटायचं, एवढं सोपं होतं. मी म्हणालो, "एवढं साफ ऐकू येत नसतं."

"म्हणजे काका?"

"वायरलेसवर. एवढं साफ ऐकू येत नसतं. खोटं आहे ते."

"तुम्ही फौजेत होता का?" ती म्हणाली, पण तोवर शीतलनं, माझ्या सुनेनं, येऊन माझा दंड धरला होता. "मामा, चला. रिक्षा थांबेल हाय."

बिचारीनं हौसेनं तिकिटं काढली होती, मामा फौजेत होते म्हणून. मी अडतीस वर्षांत लढाईचा एकही सिनेमा पाहिलेला नाही हे तिला माहीत असायचं कारण नाही; ते घरात कोणालाच माहीत नाही, कारण न पाहिलेल्या गोष्टीची कोण नोंद ठेवतो. सिनेमा तसा वाईट नव्हता. नऊ जवान शत्रूच्या मुलखात अडकतात, चहूबाजूंनी वेढले जातात, पाणी संपतं, गोळ्या संपत येतात. मग त्यांचा म्होरक्या वायरलेसवरून बोलतो. सव्वादोन मिनिटं बोलतो, मी घड्याळ बघितलं. आईबद्दल बोलतो, गावच्या मातीबद्दल बोलतो, मागे बासरी वाजते. घरघर नाही, शिट्टी नाही, एक अक्षर तुटत नाही. इकडे चौकीत कानाला हेडफोन लावून बसलेला पोरगा ते सगळं ऐकतो आणि त्याच्या गालावरून एक थेंब सावकाश खाली येतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खुर्चीचा दांडा धरून बसलो होतो, आणि मला त्या पोरट्याचा असा काही राग आला की काय सांगू. हेवा म्हणा हवं तर. त्याला सगळं ऐकू आलं होतं.

घरी आल्यावर शीतलनं सासूला सांगितलं आणि नंदाबाई म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितल्तं बोलायला? हात दाखवून अवलक्षण." खरं होतं ते. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर ती चित्रफीत शीतलच्या फोनवर आली. मी, कपाळाशी हात, मिशीला पॉपकॉर्नचा कण. त्यावर मोठ्या पिवळ्या अक्षरांत 'माजी सैनिकाने केली पोलखोल'. खाली लोकांची मतं. सिनेमाबद्दलची मतं केव्हाच मागे पडली होती, आता माझ्याबद्दलची सुरू झाली होती. काका बरोबर बोलले. काकांना कानाचं मशीन बसवा. जवानांच्या बलिदानावर शंका घेणाऱ्याला लाज वाटली पाहिजे. काका, आमच्या गल्लीत पण नेटवर्क नाही. कोणीतरी विचारलं होतं, मग काका तुम्हीच सांगा ना, कसं ऐकू येतं? त्याला अकरा जणांनी अंगठे दिले होते. मी चष्मा लावून सगळी मतं वाचली, दुपारी परत वाचली, संध्याकाळी आणखी चाळीस आली होती तीही वाचली. ऐकावे जनाचे म्हणतात, पण जन थांबतच नव्हते. जीव थाऱ्यावर नव्हता. मी उठून अंगणातल्या नळाला हात लावून यायचो, पुन्हा बसायचो. त्या शेवटच्या प्रश्नावर माझा अंगठा जाऊन थांबायचा. शीतल म्हणाली, "मामा, लोकं काहीबी लिहून राह्यले. तुम्ही नका वाचू." आणि तिच्या तोंडून ते 'राह्यले' आलं की अडतीस वर्षं होतं तसं माझ्या मानेमागे काहीतरी ओढल्यासारखं झालं.

मी तसं बोलत नाही. मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा असून बोलत नाही. फौजेतून नवव्या वर्षी डाव्या कानामुळे घरी आलो आणि टेलिफोन खात्यात लागलो (एका कानाचा माणूस टेलिफोन खात्यात, सरकारला विनोद कळतो), तिथं एकतीस वर्षं मी 'येतोय', 'करतोय', 'बघतोय' असंच बोललो. सोबतचे मला पुणेकर म्हणून चिडवायचे. आमच्याकडे कोणी जेवतोय म्हणत नाही. जेवून राह्यलो म्हणतात. निघतोय नाही, निघून राह्यलो. काम आधी सांगायचं आणि त्याच्या मागे हे राह्यलो जोडायचं, मग काम कुठलंही असो. फौजेत आमच्या पलटणीत या बोलीचे आम्ही दोघंच होतो, मी आणि तातेराव. एकाच गावचे, एकाच शाळेत मार खाल्लेले. बाकी मराठी पोरं सातारा-सांगलीकडची. त्यांच्यातला एक हवालदार ताटावर बसलं की मुद्दाम विचारायचा, "काय रे, काय चाललंय?" ताते म्हणायचा, "जेवून राह्यलो." "जेवून राहिलास? आन् राहिलास कुठं? जेवून माणसानं जावं का राहावं?" सगळे हसायचे, आम्हीही हसायचो. त्या समुद्रापलीकडच्या मुलखात, शांतता राखायला म्हणून आम्हाला पाठवलं होतं तिथं, हसायला तेवढंच होतं. पलीकडचे लोक आमचा वायरलेस ऐकतात, त्यांना इंग्रजी येतं, हिंदीही येतं, हे लक्षात आल्यावर आमच्या कॅप्टनसाहेबांना ही बोली आठवली. ते पंजाबकडचे. म्हणाले, तुम दोनों की भाषा तो हमारे मराठों को भी समझ में नहीं आती. मग गस्तीबरोबर एकाला पाठवायचं आणि चौकीत दुसऱ्याला सेटवर बसवायचं असं ठरलं. आम्हाला केवढी ऐट वाटली. आमच्या भोकरदन तालुक्याच्या बोलीला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी काम दिलं होतं.

त्या दिवशी जायची पाळी तातेची होती. सहा जणांची गस्त पहाटे गेली आणि अकराच्या सुमाराला ताडाच्या एका बागेत चहूबाजूंनी अडकली. चौकीपासून दोन-अडीच कोस. एक वाजेपर्यंत त्याचं बोलणं येत होतं, तुटक, पण येत होतं. गोळ्या किती, जखमी किती, विहिरीच्या कठड्याआड आहोत. मग बॅटरी बसत चालली. सेटवर नुसती खरखर. तीन वाजता, भिंतीवरच्या घड्याळात तीनच वाजले होते, त्या खरखरीतून आवाज वर आला आणि मला एवढंच मिळालं: "…ऊन राह्यलो." सुरुवातीचा तुकडा गेला होता. जो शब्द सांगायचा होता तो गेला आणि जो सगळ्या शब्दांच्या मागे लागतो तो आला. मी ओरडलो, "ताते, काय करून राह्यला? पुन्हा बोल." पुन्हा तेच. "…ऊन राह्यलो रे राम्या." राम्या म्हणजे मी. नंतर काही नाही. कॅप्टनसाहेब माझ्या खांद्याशी उभे होते. बाहेर ओट्यावर चौदा माणसं बुटांचे बंद बांधून, पाण्याच्या बाटल्या भरून तयार होती. साहेबांनी विचारलं, "क्या बोला?" लोक ध चा मा म्हणतात. माझ्याकडे तर ध सुद्धा नव्हता. मला एवढंच म्हणायचं होतं की साब, आधा शब्द आया, शुरू का नहीं आया. वाक्य तयार होतं. मी म्हणालो, "आ रहे हैं, साब."

का म्हणालो हे मी स्वतःला टेलिफोनच्या खांबावर चढलेला असताना विचारलंय, न्हाव्यापुढे मान वाकवून बसलेला असताना विचारलंय. आमच्या गावात कोणाला हाक मारली की पलीकडून 'येऊन राह्यलो' असंच उत्तर येतं, कानाला तीच सवय. आणि मला तो यायला हवा होता. दुसरं काही नाही, मला तो यायला हवा होता. साहेब क्षणभर थांबले. ते येत असतील आणि आपली माणसं त्याच वाटेनं गेली तर झाडीत आपलेच आपल्यांवर गोळ्या झाडतील, हा त्यांचा हिशेब. तो चूक नव्हता. त्यांनी चौदाजणांना थांबायला सांगितलं. आम्ही वाट बघितली. पाच वाजता ती चौदा माणसं निघाली. सहाही जण विहिरीशीच होते. गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचा ढीग एकाच जागी पडला होता, पाऊलभर कोणी हललेलं नव्हतं. येत असलेला माणूस एका जागी पुंगळ्यांचा ढीग करत नाही. साहेब मला म्हणाले, "निकल नहीं पाए होंगे," आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझी चूक पकडणार कोण? ज्या बोलीसाठी मला तिथं बसवलं होतं ती आणखी फक्त एकाला येत होती, आणि तो विहिरीशी होता. तेव्हापासून मी त्या रिकाम्या जागेत शब्द घालून बघतो. थांबून राह्यलो. दबून राह्यलो. वाट पाहून राह्यलो. मरून राह्यलो. सगळे बसतात. तीच तर त्या बोलीची खोड आहे. पण खरं सांगायचं तर वाट पाहूनच असणार. दुसरं काय करत असतील ते.

तातेचे अंत्यसंस्कार तिकडंच झाले. गावात आली ती एक ट्रंक आणि कलश, आणि त्यांच्याबरोबर मी. त्याची बायको उषाबाई तेव्हा वीस वर्षांची, लग्नाला दीड वर्ष. बायकांच्या घोळक्यातून ती उठून दारापर्यंत आली आणि म्हणाली, "शेवटी काय म्हणले?" मी दारात उभा. मी म्हणालो, "येऊन राह्यलो म्हणला." दुसऱ्यांदा म्हटलं की ते जास्त खरं वाटलं. ते वाक्य गावानं उचललं. शाळेसमोर त्याच्या नावाची फरशी बसवली तेव्हा हेडमास्तरांना ते अशुद्ध वाटलं म्हणून त्यांनी त्याखाली 'मी येत आहे' असं कोरून घेतलं. आणि उषाबाईनं ते धरून ठेवलं. घरच्यांनी धाकट्या दिराशी पाट लावायचं काढलं तेव्हा ती म्हणाली, ते येऊन राह्यलो म्हणलेत. सोयऱ्यांनी समजावलं, तिचं तेच. शहिदाच्या शब्दापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. विसाची ती अठ्ठावन्नाची झाली. चार एकर वावर एकटीनं केलं. मी वर्षातून एकदा रेणुकाईच्या दर्शनाला जातो, तिच्या ओसरीवर चहा पितो, तातेबद्दल दोन शब्द बोलतो आणि लवकर उठतो. संक्रांतीच्या मागेपुढे ती माझ्याकडे पाच किलो तुरीची डाळ पाठवते. नंदाबाई म्हणते तसलं वरण बाजारच्या डाळीचं होत नाही. माझ्या गळ्याखाली ते कसं उतरतं ते माझं मला माहीत. एका बाईचं सगळं आयुष्य माझ्या न ऐकलेल्या शब्दावर उभं आहे, आणि मी वरणावर लिंबू पिळून मागतो.

चौथ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. "भाऊजी, मीनाच्या फोनमंधी तुमाला पाह्यलं." मीना तिची भाची. मी म्हणालो, "हो, ती चॅनेलवाली मुलगी होती…" "तुमी म्हणले, एवढं साफ ऐकू येत नसतं." "हो." पलीकडे कोंबडी ओरडत होती, कोणीतरी बादली ठेवली. फोन इतका स्वच्छ होता की मला तिचा श्वास ऐकू येत होता. एकतीस वर्षं या खात्यात काढून मी एवढी स्वच्छ लाइन कधी मागितली नव्हती. "मंग तुमाला साफ आल्तं का?" ती म्हणाली. रागानं नाही. बसची वेळ विचारावी तसं. मी म्हणालो, "वहिनी, फोनवर नको. मी येतो. आजच…" "या मंग." "येऊन राह्यलो," मी म्हणालो. म्हणून गेलो आणि फोन हातात धरून उभा राहिलो. नंदाबाई स्वयंपाकघरातून वळून माझ्याकडे बघत होती. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तिनं ते माझ्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

बसमध्ये खिडकी मिळाली. पुढच्या बाकावर दोघंजण त्याच सिनेमाबद्दल बोलत होते. एकाचं म्हणणं नायिका नसती तरी चाललं असतं. मी मनात वाक्यं जुळवत होतो. वहिनी, एक चूक झाली. चूक म्हणायचं की खोटं? चूक ती साहेबांपुढची, तिच्या दारात केलं ते खोटं. आणि चौदा माणसांचं सांगायचं की नाही? शब्द नीट ऐकू आला नव्हता एवढंच सांगितलं तर अर्धं खरं होईल, आणि अर्ध्या शब्दानं काय होतं ते मला माहीत होतं. तरी मन तिकडंच वळत होतं, उताराकडं पाणी वळतं तसं. राजूरला बस थांबली. गणपतीला आलेली गर्दी उतरली, नारळ-प्रसादाच्या पिशव्या घेऊन दुसरी गर्दी चढली. मी उठून उभा राहिलो. इथं उतरावं, दर्शन घ्यावं, परतीची बस धरावी, तिला फोन करून सांगावं की पोटात दुखायला लागलं. कंडक्टर म्हणाला, "काका, उतरून राह्यले का?" बाकीच्यांची वाट अडली होती. मी म्हणालो, "नाही," आणि बसलो.

उषाबाई ओसरीवर सुपात तूर घेऊन खडे निवडत होती. मला बघून उठली नाही, समोरच्या पोत्याकडे हात केला. मी बसलो. पाणी दिलं नाही, मी मागितलं नाही. मग मी सांगितलं. बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. बॅटरी, खरखर, तीन वाजले होते, अर्धा शब्द, माझं "आ रहे हैं, साब", ओट्यावरची चौदा माणसं, पाच वाजता गेलेली, पुंगळ्या. सगळं सांगितलं. ती खडे वेचत होती. एकदाच थांबली, चौदा माणसांपाशी, आणि मग पुन्हा बोटं हलायला लागली.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली.

"काय?"

"ते येऊन राह्यलो कधी म्हणतच नव्हते. वावरातून हाक मारा, दुकानावरून मारा, 'आलोच' म्हणायचे. आले नसले तरी आलोच. दीड वर्षात एकदा बी येऊन राह्यलो म्हणले न्हाईत. ते तुमचं व्हतं, भाऊजी. तुमी सारखं म्हणायचे ते."

अडतीस वर्षं मी रिकाम्या जागेत शब्द घालत बसलो होतो आणि ताते 'आलोच' म्हणायचा हे मला आठवलं नव्हतं. शाळेत, मैदानात, बॅरेकीत, रोज. आत्ता ऐकू आलं. मी म्हणालो, "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तुमचं तोंड पाह्यलं म्या. काळं पडेल व्हतं. म्हणलं, या माणसाला काही ऐकू आलं न्हाई, अन् हा दारात उभा राहून माझ्यासाठी करून राह्यला काहीतरी. मंग महिन्याभरात घरात पाटाचं काढलं. मला न्हाई पायजे व्हता तो पाट. ना म्हणायला माझ्यापाशी काय व्हतं? तुमचं वाक्य व्हतं. म्या तेच पुढं केलं. एवढी माणसं चूप बसली त्याच्यानं." ती जराशी हसली. "लोकं म्हणतात, उषाबाई वाट पाहून राह्यली. म्या कशाची वाट पाह्यते? म्या माझं वावर करून राह्यले."

मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, एकदम हलकं वाटलं. मी हात पुसून पाणी मागणार होतो. तेवढ्यात तिनं सूप खाली ठेवलं.

"पण ते चौदा माणसं थांबवेल व्हते, हे मला ठावं नव्हतं. हे तुमी आज सांगून राह्यले. अडतीस वर्षं माझी डाळ खाल्ली तुमी."

मी मान खाली घातली. अंगणात कोंबडी पायानं माती उकरत होती, तिचा आवाज फार मोठा वाटला. उषाबाईनं सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. मग म्हणाली, "जेवढं ऐकलं तेवढं म्हणा."

"म्हणजे?"

"जसं आल्तं तसं. पुढचं-मागचं लावू नका आता."

मी घसा खाकरला. बोलायला गेलो तर आवाज माझाच यायला लागला, साठी उलटलेला, टेलिफोन खात्याचा. मी डोळे मिटले आणि उजव्या कानावर हात धरला, हेडफोन धरतात तसा. खरखर आली. ती कुठं गेलीच नव्हती. त्यातून मी तो आवाज वर येऊ दिला, हेल होता तसा, दम तुटला होता तिथंच तोडून.

"…ऊन राह्यलो."

"अजून एकदा."

"…ऊन राह्यलो रे राम्या."

तिनं मान एका बाजूला कलती धरली होती. तिचे ओठ हलले, पण आवाज काढला नाही. "हा," ती हळूच म्हणाली. "तो 'लो' असाच खाली सोडायचे ते. दमले की." मग पदरानं तोंड पुसलं, डोळे नाही, नुसतं तोंड पुसलं. "गावभरची बाया-माणसं येऊन शेवटी काय म्हणले ते सांगून गेली मला. आज साफ ऐकू आलं."

ती उठून आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला, भांड्यात पाणी पडल्याचा आला. मी सुपातली तूर जवळ ओढून खडे निवडायला लागलो. आतूनच तिनं विचारलं, "बाकी पाच जण कुठले व्हते?"

"लांबचे. दोघं सांगलीकडचे, एक साताऱ्याचा. दोघं पार पंजाबातले."

"त्यांच्या घरी काय सांगितलं?"

"काहीच नाही. मला कोणी विचारलं नाही. साहेबांनी काय ते कळवलं असेल."

"पत्ते हायत?"

"आहेत. जुन्या वहीत आहेत."

ती चहाचा कप घेऊन बाहेर आली. तो माझ्या हातात न देता फरशीवर ठेवला, सूप माझ्यापुढून ओढून घेतलं आणि म्हणाली, "मंग बसून काहून राह्यले, भाऊजी?"